काळं मिग, खोटं मिग: मिग-२८ चं मॉडेल घरच्या घरी

धुळ्याहून नाशिकला एसटीने निघालं की मी चांदवडपर्यंत झोपून असायचो. पिंपळगाव बसवंत मागे पडलं की बाबा हलवून उठवत, "ओझर आलं रे." मग खिडकीच्या गजांना नाक लावून बसायचं. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, १९६४ पासूनचा, मिग-२१ ही सोव्हिएत बनावटीची लढाऊ विमानं तिथेच बनायची. नशीब असलं तर एखादं डोक्यावरून जायचं आणि बसमधल्या बायका कानावर हात ठेवायच्या. नसलं तर बाबा म्हणायचे, "आज सुट्टी असेल."

पुढे कोणाच्या तरी व्हीसीआरवर 'टॉप गन' हा अमेरिकी चित्रपट बघितला. त्यात शत्रूची काळी विमानं येतात आणि सगळे घाबरून त्यांना "मिग-२८" म्हणतात. मी मनात म्हटलं, हे कुठलं मिग? नाकात हवेचं भोक नाही, पंख त्रिकोणी नाहीत. मिग आम्ही पाहिलंय, आम्हाला काय सांगता?

त्याच खोट्या मिगचं मॉडेल मी आजवर तीनदा बांधलं. पहिलं वाया गेलं, दुसरं भाच्याने उडवून पाहिलं, तिसरं कपाटात आहे. या तिघांतून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. मॉडेल बांधण्याचा थोडा सराव असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. घाई मात्र चालणार नाही, कारण हे विमान काळं आहे. काळा रंग कसलीच चूक लपवत नाही.

आधी हे विमान आहे तरी काय

मिग-२८ नावाचं लढाऊ विमान कधीच नव्हतं. नावातच गोम आहे. सोव्हिएत पद्धतीत लढाऊ विमानांना विषम आकडे मिळत: मिग-१५, १७, १९, २१, २३, २५, २९, ३१. अठ्ठावीस हा सम आकडा, म्हणजे मिगच्या घरात हे पोर जन्मालाच आलेलं नाही.

१९८६ च्या त्या चित्रपटात पडद्यावर जे दिसतं ते अमेरिकेचंच नॉर्थ्रॉप एफ-५ आहे, काळं रंगवलेलं. एकआसनी एफ-५ई आणि दोनआसनी एफ-५एफ, दोन्ही वापरली. यात दिग्दर्शकाची लबाडी कमी आणि सोय जास्त. चित्रपटात दाखवलेली अमेरिकी नौदलाची लढाऊ वैमानिकांची शाळा १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला सुरू झाली. तिथे शत्रूचं सोंग घ्यायला छोटी, चपळ विमानं लागत. एफ-५ई आकाराने आणि चालीने मिग-२१ च्या जवळचं, म्हणून सरावात ते रोजच मिगचं सोंग घेऊन उडायचं. चित्रपटवाल्यांनी त्या सोंगाला काळा रंग लावला आणि नाव दिलं, एवढंच.

आपल्या कामाला याचा मोठा फायदा आहे. खोट्या विमानाचं मॉडेल म्हटलं की लोक आकार कापूनकुपून, पुट्टी थापून बनवायला बसतात. इथे त्याची गरजच नाही. एफ-५ई चा संच आणायचा, त्याचा आकार जसाच्या तसा ठेवायचा, आणि सगळी अक्कल रंगात आणि बारकाव्यात घालायची. खोक्यावर काहीही छापलेलं असो, आत एफ-५ हवं.

कुठल्या मापाचा संच

खरं एफ-५ई १४.४५ मीटर लांब आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ८.१३ मीटर. १/७२ मापात ते वीस सेंटिमीटर लांब येतं, १/४८ मध्ये तीस, १/३२ मध्ये पंचेचाळीस. माझं मत १/४८ ला. १/७२ मध्ये शेपटीवरचा तारा करंगळीच्या नखाएवढा होतो आणि हाताने रंगवणं जीवावर येतं. १/३२ च्या विमानाला कपाटात जागा नाही, आणि घरच्यांच्या रागालाही अंत नाही.

इटालेरीचा १/७२ चा संच स्वस्तात पडतो, शिकायला बरा. १/४८ मध्ये एएफव्ही क्लबचा संच बारकाव्यांना चांगला, पण तुकडे खूप. हासेगावाचा १/३२ चाही आहे. जळगाव-धुळ्यात असले संच दुकानात मिळण्याची आशा धरू नका, ऑनलाइनच मागवावे लागतात. एक सूचना: मे महिन्यात मागवू नका. डिलिव्हरीच्या गाडीत दुपारभर तापलेल्या खोक्यातून माझा एक पंख धनुष्यासारखा वाकून आला होता. असं झालंच तर तुकडा कढत पाण्यात धरायचा. उकळतं नको, हात लावला तर चटकन मागे घ्यावा इतपत गरम. नरम झाला की सपाट काचेवर दाबून गार होऊ द्यायचा. एफ-५ चा पंख समोरून पाहिला तर सरळ आडवा असतो, वर किंवा खाली कल नसतो, त्यामुळे काचेवर बसला म्हणजे जमला.

दोनआसनी हवं असेल तर एफ-५एफ चाच संच घ्या. खरं एफ-५एफ १५.६५ मीटर लांब आहे, म्हणजे १/४८ मध्ये अडीच सेंटिमीटरचा फरक. एफ-५ई ला कापून मधे जोड द्यायचा मोह मलाही झाला होता. पहिलं मॉडेल त्यातच वाया गेलं.

सामान, बहुतेक गावातच

महागडी हत्यारं सुरुवातीला लागत नाहीत. मेडिकलमधून सर्जिकल ब्लेड नंबर ११ आणि त्याची मूठ. हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात घासायचा पॉलिश पेपर: ४००, ६००, १००० आणि १५०० नंबर. गाड्यांना रंग देणाऱ्याकडून थोडी पुट्टी. त्याच्याकडचा थिनर मात्र घेऊ नका. उघड्या प्लॅस्टिकवर पडला तर ते सुरकुततं आणि चिरतं. प्लॅस्टिक जोडायला पातळ सिमेंट ऑनलाइन मागवा. ते दोन्ही कडा वितळवून एकजीव करतं. फेविक्विक फक्त धातू किंवा रेझिनच्या तुकड्यांना.

रंग मी तामियाचे पाण्यात मिसळणारे वापरतो. या कामाला लागतील ते: एक्सएफ-१ मॅट काळा, एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक, एक्सएफ-६३ जर्मन ग्रे, एक्सएफ-२ पांढरा, एक्सएफ-७ लाल, चकचकीत क्लिअर एक्स-२२ आणि मॅट क्लिअर एक्सएफ-८६ (क्लिअर म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर). सोबत त्यांचाच थिनर आणि एक बाटली रिटार्डर. रिटार्डर म्हणजे रंग उशिरा वाळवणारं औषध. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्याची आठवणही होत नाही, आपल्याला त्याशिवाय चालत नाही.

एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेन, नसेल तर स्प्रेच्या डब्यानेही हे विमान होतं. एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरची सुई आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरे. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, तो उन्हापुरता ठीक. रंगाच्या वाफेसाठी कार्बनच्या डबीचा मास्क लागतो.

खान्देशातला ऋतू आणि काळा रंग

बाहेरची मार्गदर्शिका वाचून काम करणारा खान्देशी माणूस नेमका इथे फसतो.

एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. एअरब्रशमधून निघालेला थेंब विमानावर पोहोचायच्या आत वाटेतच अर्धा वाळतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, पॉलिश पेपरसारखा. पांढऱ्या विमानावर ते खपून जातं. काळ्यावर मात्र राख शिंपडल्यासारखं दिसतं. उपाय तीन: रंगात थिनर वाढवा (मी एक भाग रंगाला दोन भाग घेतो), त्यात रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाका, आणि काम पहाटे करा. साडेपाच ते सात ही वेळ. नंतर ऊन चढलं की सुईच्या टोकावर रंग सुकून ठिपके उडायला लागतात.

आता कूलर. खसच्या जाळीचा कूलर लावलेल्या खोलीत काळा रंग किंवा क्लिअर मारू नका. मी मारला. सकाळी उठून पाहतो तर विमानावर पांढरी धुरकट साय. हवेतला ओलावा वाळणाऱ्या थरात अडकला की असं होतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत कूलरशिवायही तेच. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारी बाटली लावलेली नसेल तर मधूनच पाण्याचा थेंब थुंकल्यासारखा येतो तो वेगळाच. साय आलीच तर घाबरून घासायला बसू नका. कोरड्या दिवशी थिनरमध्ये रिटार्डर घालून हलका फवारा मारला की बऱ्याचदा ती विरघळते.

दिवाळीनंतरची हवा सर्वांत चांगली, पण तेव्हा कापूस असतो. घराजवळ जिनिंग असेल किंवा गल्लीतून कापसाच्या गाड्या जात असतील तर हवेत तंतू तरंगतात आणि ओल्या काळ्या रंगावर असे बसतात की जणू त्यांना बोलावणं धाडलं होतं. रंगवण्याआधी खोलीत पाणी शिंपडून पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे धूळ खाली बसते. रंगवलेला तुकडा लगेच प्लॅस्टिकच्या डब्याखाली झाका. आमच्या आत्याचा पापड वाळवायचा मोठा डबा मी या कामाला लावला होता. ती रोज विचारायची, "हाई काय करी राहिना रे भाऊ?" डबा कधी परत मिळणार, असा त्या प्रश्नाचा खरा अर्थ.

पाणी राहिलं. बोअरचं पाणी वापरून पेपर घासला किंवा डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) बुडवलं की वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग उरतात. काळ्यावर ते निघता निघत नाहीत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, बाटलीभर पुरतं.

कॉकपिट: इथे खोटं बोलायची मोकळीक

खऱ्या एफ-५ चं कॉकपिट करडं असतं. मी मुद्दाम निळसर हिरवं रंगवतो. मिग-२१ असो, २३ असो की २९, सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा तो ओळखीचा रंग. चित्रपटातल्या माणसांच्या डोक्यात हे मिग आहे, मग आपण त्याला आतून तरी मिग करूया. पांढऱ्यात निळा आणि थोडा हिरवा मिसळून जुन्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा रंग आला की थांबा. उपकरणांच्या पट्टीवर मात्र काळा. चाकांच्या मधल्या तबकड्याही मी हिरव्या ठेवतो, मिगला त्या तशाच असतात. काळ्या विमानाखाली ते दोन-तीन हिरवे ठिपके मोठे गोड दिसतात.

वैमानिक बसवणार असाल तर त्याचं शिरस्त्राण काळं आणि डोळ्यांवरची काच गडद ठेवा. पडद्यावर या शत्रूला चेहराच नाही, तीच त्याची ओळख.

नाकातलं वजन

एफ-५ ची मागची चाकं बरीच पुढे आणि शेपूट जड, त्यामुळे नाकात वजन नसेल तर मॉडेल ढुंगणावर बसतं. किती वजन हे कोणाला विचारू नका. धडाचे दोन्ही भाग, पंख आणि शेपूट टेपने तात्पुरते जोडा, मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला, आणि नाकावर टेपने वजन चिकटवत जा. नाक खाली झुकायला लागलं की त्याहून थोडं जास्त घ्या, रंग आणि क्षेपणास्त्रं नंतर येणार आहेत.

वजनाला सायकलवाल्याकडचे छर्रे उत्तम. तापीकाठी मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्याही मिळतात. त्या जागा कमी घेतात, पण शिसं फेविकॉलने चिकटवू नका. कालांतराने दोघांची रासायनिक खटपट चालते, शिसं फुगतं आणि दोन वर्षांनी धडाचा सांधा आतून फुटतो. शिशाला इपॉक्सी किंवा एम-सील वापरा आणि हात साबणाने धुवा.

सांधे, आणि मोबाइलचा टॉर्च

जोडणीची पद्धत संचाच्या कागदावर असते, ती इथे पुन्हा लिहीत नाही. फक्त इतकं: पंखाचा धडाशी जिथे सांधा येतो तिथे फट राहतेच. आधी तुकडे कोरडे लावून बघा, लागलं तर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा सरकवा, मगच सिमेंट. फटीवर पुट्टी थापून ती घासत बसण्यापेक्षा हे सोपं, शिवाय विमानाच्या अंगावर कोरलेल्या पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेषा वाचतात.

एकदा सगळं जोडून झालं की राखाडी प्रायमर मारा. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च विमानाला जवळजवळ चिकटवून, आडवा धरा. दिवसा दिसली नाही ती प्रत्येक ओरखडी, प्रत्येक खड्डा सावली टाकेल. पेन्सिलने खूण करा, घासा, पुन्हा प्रायमर, पुन्हा टॉर्च. मी हे चार वेळा केलं. कंटाळा आला तर करड्या विमानाचं मॉडेल निवडा, काळं नको.

तारा आधी, काळा नंतर

इथे बहुतेक जण उलटं करतात. आधी विमान काळं करतात आणि मग त्यावर लाल ताऱ्याचं डेकल लावतात. घरच्या प्रिंटरवर छापलेलं लाल डेकल काळ्यावर लावलं की तपकिरी दिसतं, कारण प्रिंटर पांढरी शाई छापत नाही आणि खालचा काळा वर येतो. डेकल लावायचंच तर पांढऱ्या पायाच्या कागदावर छापा. मी मात्र डेकलच्या नादी लागत नाही.

माझी रीत अशी. चित्रपट थांबवून शेपटीचं चित्र नीट बघा, ताऱ्याची शेपटीच्या रुंदीशी तुलना करून माप काढा, आणि सोबत आणखी काही रंगाच्या कडा दिसत असतील तर त्याही टिपून घ्या. शेपटीवर पांढरा मारा, वाळला की वरून लाल. आता मास्किंग टेप काचेवर चिकटवून त्यावर कंपासने वर्तुळ काढा, कोनमापकाने दर ७२ अंशांवर खूण करा, अशा पाच खुणा येतील. एक सोडून एक जोडत गेलात की तारा तयार. नवीन ब्लेडने कापा. प्रत्येक रेषा बाहेरच्या टोकाकडून मध्याकडे कापायची, म्हणजे टोक फाटत नाही. हा टेपचा तारा लाल रंगावर बसवा, कडा नखाने दाबा, आणि त्यावरून एकदा पुन्हा लालच मारा. कडेखाली शिरायचाच असेल तर लाल शिरतो, काळा बाहेरच राहतो. ही एक युक्ती जमली की बाकीच्यांच्या मॉडेलपेक्षा तुमचा तारा धारदार दिसेल.

टेप आठवडाभर ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात त्याचा गोंद पातळ होतो आणि मागे चिकट पट्टा सोडतो. ज्या दिवशी लावला त्याच दिवशी काळा मारून काढून टाका.

काळा म्हणजे किती काळा

सगळा लेख एका वाक्यात बसवायचा तर तो असा: या विमानावर निव्वळ काळा रंग लावू नका.

खरं विमान आपण लांबून बघतो, मधल्या हवेमुळे गडद रंग थोडा फिकट दिसतो. १/४८ चं मॉडेल हातभर अंतरावरून, समजा साठ सेंटिमीटरवरून बघितलं, तर ते खरं विमान जवळपास २९ मीटरवरून बघण्यासारखं आहे. त्या अंतरावर काळा कोळशासारखा दिसत नाही. डबीतला काळा सरळ लावला तर सगळे बारकावे बुडतात आणि विमानाऐवजी विमानाची सावली कपाटात बसते.

आमच्याकडे मांडे करायचं खापर असतं. पुरणाचे मांडे ज्यावर भाजतात ते उलटं मातीचं भांडं. वर्षानुवर्षं चुलीवर राहिलेल्या खापराकडे नीट बघा. आपण त्याला काळं म्हणतो, पण जिथे जाळ थेट लागतो तिथे ते राखाडी, कडेला तेलकट गडद, आणि जिथे हात लागतो तिथे तपकिरी झाक. एका खापरात चार काळे. मला रंगवायचं कळलं ते खापरावरून, कुठल्या व्हिडिओवरून नाही.

आता क्रम. पहिला थर एक्सएफ-१, सगळीकडे, पातळ. हा सावलीचा काळा, तो फक्त जोडाच्या रेषांत आणि कोपऱ्यांत उरणार आहे. दुसरा थर एक्सएफ-६९, खूप पातळ केलेला, जवळून आणि कमी दाबाने. तो पत्र्यांच्या मध्यभागी ढगाळ ठिपक्यांसारखा मारायचा, एकसारखा नाही. तिसऱ्या थराला त्याच रंगात थोडा एक्सएफ-६३ मिसळा, आठ-दहा थेंबांना एक. तो फक्त वरच्या बाजूला द्या: पंखांचा वरचा भाग, पाठीचा कणा, कॉकपिटच्या मागची जागा. उन्हाने विटतं ते वरूनच. दोन उन्हाळे वापरलेली काळी छत्री आठवा. पोटाखाली हा तिसरा थर नको. शेवटी सगळं एकत्र बांधायला एक्सएफ-६९ चाच, पाण्यासारखा पातळ एक फवारा. त्याने ठिपके पुसत नाहीत, फक्त शांत होतात.

प्रत्येक थरानंतर विमान उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखेच दिसतात, आणि तुम्हाला वाटतं अजून फरक हवा. फसू नका.

स्प्रेच्या डब्यानेच काम करत असाल तर मॅट काळ्याचा पातळ थर द्या आणि वाळल्यावर राखाडी खडूची पूड मऊ ब्रशने पत्र्यांच्या मध्यावर चोळा. तेवढं नाजूक होत नाही, पण शेजारी फसतात. थंडीत धुळ्याकडे सकाळी डबा गारठून जातो आणि रंग पिचकारीसारखा येतो. पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गरम पाण्यात कधीच नाही, डबा फुटू शकतो.

इंजिनाची दोन्ही नळकांडी धातूच्या रंगात, त्यावर किंचित जळकट तपकिरी आणि निळा. त्यांच्या कडेवर शिसपेन्सिलचं टोक घासलं की पोलादाची झळाळी येते.

क्लिअर, रेषा, पुन्हा मॅट

पंखावरच्या बारीक खुणांसाठी डेकल लावायची असतील तर आधी चकचकीत क्लिअर हवाच. मॅट रंग सूक्ष्म खरखरीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकते. काळ्यावर ही चांदी दहा फुटांवरून दिसते. रेषांमध्ये गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, घालून काही उपयोग नाही, दिसणारच नाही. फिकट करडा वॉश घ्या आणि जपून, नाहीतर विमान शाळेच्या फळ्यावर खडूने काढल्यासारखं होतं. सगळं झाल्यावर मॅट क्लिअर. तो कोरड्या दिवशी आणि कूलर बंद करून.

कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाची, काच शेवटी लावा, फेविकॉलने. फेविक्विकची वाफ बंद जागेत काचेवर बसून ती कायमची धुरकट करते. काचेच्या चौकटी रंगवताना आधी कॉकपिटचा निळसर हिरवा, मग काळा. आतून पाहिलं तर चौकट आतल्याच रंगाची दिसायला हवी.

क्षेपणास्त्रं: खोट्यातलं खरं

एफ-५ च्या पंखांच्या टोकांवर साइडवाइंडर नावाची क्षेपणास्त्रं असतात, अमेरिकी. मिगवर ती कशी शोभतील? शोभतात. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरच्या चकमकीत एक साइडवाइंडर न फुटता चिनी मिग-१७ मध्ये रुतून बसलं आणि विमान तसंच परत गेलं. ते सोव्हिएतांच्या हाती लागलं, त्यांनी त्याची नक्कल केली आणि के-१३ झालं. तेच के-१३ पुढे आपल्या मिग-२१ च्या पंखांखाली होतं. म्हणजे संचातलं जुन्या बनावटीचं, एआयएम-९बी प्रकारचं साइडवाइंडर असेल तर ते फक्त रंग बदलून मिगचं होतं. नवीन प्रकारचं असेल तर पुढच्या पंखांची दुहेरी धार कानसीने घासून साधा त्रिकोण करा. १/४८ मध्ये ते सहा सेंटिमीटरच्या आतलं काम आहे, चहा होईपर्यंत आटोपतं.

चित्रपटात या विमानांजवळ एक्झोसेट असल्याचंही बोलून दाखवतात. ते फ्रेंच जहाजभेदी क्षेपणास्त्र, ४.७ मीटर लांब. मापात ते जवळपास दहा सेंटिमीटर येतं, म्हणजे विमानाच्या एक तृतीयांश. मी पोटाखाली एक धरून पाहिलं. बगळ्याने स्वतःएवढा मासा उचलल्यासारखं दिसत होतं. काढून टाकलं.

खोकं

माझ्या तिसऱ्या मॉडेलसाठी मी खोकंही केलं. मिठाईचं मोठं खोकं, वर चिकटवलेलं चित्र: सातपुड्याच्या कडेवरून येणारं काळं विमान, खाली तापीचं पात्र आणि केळीच्या बागा. कडेला मराठीत "मिग-२८, माप १/४८, वय १४ वर्षांवरील". आत सूचनापत्रिका, वर लिहिलेल्याच पायऱ्या, चित्रांसकट. हे काही गरजेचं नाही, पण असा संच कारखान्यात निघाला असता तर खोक्यावर काय असतं, याचा विचार करताना एक संध्याकाळ मजेत जाते. मॉडेल प्रवासात न्यायचं असेल तर त्याच खोक्यात जुन्या साडीच्या घड्या घालून, चाकांना वजन न लागू देता बसवायचं. थर्मोकोलचे दाणे नकोत, ते काळ्या रंगाला चिकटून बसतात.

ठेवायला काचेची पेटी लागतेच. मे महिन्यात उघड्या कपाटात ठेवलं तर आठवड्यात त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. फिशटँक बनवणाऱ्याला ३६ × २४ × १६ सेंटिमीटरचं माप द्या, तळ उघडा ठेवायला सांगा आणि खाली प्लायवूडची पाटी. माझ्या फिशटँकवाल्याने तळ लावूनच दिला आणि पाणी गळतंय का ते पाहून दिलं. आता ते विमान पाण्याच्या टाकीत आहे. शेजारी मिग-२१ चं मॉडेल आहे, चंदेरी. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला खरी मिग-२१ निवृत्त झाली, त्या दिवशी मी दोघांचीही धूळ पुसली.